डब्यातले गुरुजी

मोहबोडीत धनराज लोनबले गुरुजींचा शब्द का चालायचा, ते आधी सांगायला हवं.

मोहबोडी हे सिंदेवाहीपासून अठरा किलोमीटरवरचं गाव. तीन बाजूंना जंगल, चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या आणि गावाच्या तोंडाशीच एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्यात गावची पोरं आणि म्हशी एकाच वेळी आणि सारख्याच आनंदाने डुंबतात. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. पोरं एकवीस, शिक्षक दोन. पाचवीला सिंदेवाहीच्या वसतिगृहात राहावं लागतं, म्हणून चौथीच्या उन्हाळ्यात प्रत्येक घरापुढे तोच पेच पडतो: पोराला पाठवायचं की घरी ठेवायचं? कायदा काय म्हणतो ते शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं, पण भिंतीला विचारायला कोणी जात नसे. लोक गुरुजींना विचारत. गुरुजी "पाठव" म्हणाले की पेटी भरायला घ्यायची. "राहू दे" म्हणाले की पोरगं दुसऱ्या दिवसापासून शेळ्यांच्या मागे. सतरा वर्षांत दोनदा त्यांची बदली झाली आणि दोन्ही वेळा गावाने पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून त्यांना परत आणलं.

आणि हा शब्द ते द्यायचे कशाच्या जोरावर? तर एका पत्र्याच्या डब्याच्या. डब्यात चिंचोके होते. पहिलीच्या पहिल्या दिवशी गुरुजी एकेका पोरापुढे चाळीस चिंचोके ओतायचे आणि म्हणायचे, "याचे पाच-पाचचे ढीग कर." मग गप्प बसून बघायचे. पोराला पाच म्हणजे किती ते माहीत असो वा नसो, त्याची गुरुजींना पर्वा नव्हती. ते हात कसा घालतं, विचारतं का, शेजाऱ्याचं बघतं का, रडतं का, एवढं बघून गुरुजी मनात एक रेघ ओढायचे. ती रेघ पुढच्या चार वर्षांत फारशी हलायची नाही. आपली नजर चुकत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. ज्यांना पाठवलं त्यातला एक तलाठी झाला, एक पोरगी नर्स झाली, आणि गुरुजी ती नावं कोणालाही ऐकवायचे. ज्यांना ठेवलं त्यांचं काय झालं असतं, हे कोणाला कळणार होतं?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा या भागात किती गालांत असतो, त्याची गणती नको. पण शाळेच्या आवारात तंबाखूला बंदी, आणि गुरुजी पडले नियमाचे. ते फाटकाबाहेर उभे राहून खर्रा गालात सारायचे आणि मग आत यायचे. आवारात खाल्ला नाही, आवारात थुंकला नाही, म्हणजे नियम पाळला. अडचण एवढीच की मग बोलताना तोंड उघडता यायचं नाही. ओठ जेमतेम हलवत, दातांआडून, घशातल्या घशात गुरुजी पाढे शिकवायचे. पोरांना सवय झाली होती. नवा साहेब तपासणीला आला तर त्याला दोन वाक्यं पुन्हा विचारावी लागत, पण साहेब वर्षातून एकदाच यायचा.

दिवाळी झाली, धान कापून झालं आणि शाळेत टॅब आले. एका संस्थेने सहा टॅब आणि सहा हेडफोन दिले होते. त्यांच्यात म्हणे एआय होता. तो पोराशी बोलायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर चुकलं की सोप्या प्रश्नावर उतरायचा, बरोबर आलं की वरच्या प्रश्नावर चढायचा, आणि दर शनिवारी कोण कुठल्या स्तरावर पोचलं ते शिक्षकाला दाखवायचा. गुरुजींनी प्रशिक्षणात हे सगळं ऐकलं आणि कानामागे टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. टॅबचं सगळं त्यांनी निशात मॅडमवर सोपवलं.

निशात मॅडम सिंदेवाहीच्या. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे बारीक यंत्राची भीती नाही. वय अठ्ठावीस, नोकरीचं दुसरं वर्ष, आणि गुरुजींपुढे बोलायची हिंमत अजून थोडी कमी. तरी पहिल्याच दिवशी त्यांना बोलावं लागलं. कारण टॅबला आवाज हवा होता. पोरांना ओळखीच्या आवाजात शिकायला बरं वाटतं, म्हणून शिक्षकाने तीस वाक्यं वाचून द्यायची आणि मशीन त्या आवाजात पुढचं सगळं बोलणार, अशी सोय होती. मानाने आवाज गुरुजींचा. त्यांनी वाक्यं वाचली. मशीनने पडद्यावर लिहून दाखवलं, आवाज स्पष्ट नाही. त्यांनी पुन्हा वाचली. पुन्हा तेच.

"सर," निशात मॅडम खाली बघत म्हणाल्या, "थुंकून या ना जरा. मशीनले समजून नाई राह्यलं."

गुरुजींना राग आला. पण मशीनवर रागावून काय करणार? ते फाटकाबाहेर गेले, थुंकले, हापशीवर चूळ भरली आणि परत येऊन तीसही वाक्यं पंधरा ऑगस्टला प्रतिज्ञा सांगतात तशी खणखणीत वाचली. मशीनने लगेच घेतली. मग टॅबमधून त्यांचाच आवाज आला: "बाळांनो, नमस्कार. चला, आज गणित करू या." गुरुजी ऐकतच राहिले. हा आवाज त्यांच्या लग्नाच्या वेळचा होता. घरी गेल्यावर बायकोलाही त्यांनी हे सांगितलं, आणि "बाळांनो" मी कधी म्हणत नाही, एवढी तक्रार केली.

पोरांनी त्याचं नाव ठेवलं, डब्यातले गुर्जी. निशात मॅडमनी चिंचोक्यांचा जुना प्रश्नही त्यात घालून दिला. गुरुजींना मनातून बरं वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मॅडमनी चौथीची यादी त्यांच्यापुढे धरली. चौथीत पाच पोरं. प्रणित पहिला असणार हे गुरुजी न बघता सांगू शकले असते. प्रणितने पहिलीत चिंचोके ओतता ओतताच ढीग लावले होते. पण प्रणित दुसरा होता. पहिली होती दिव्यानी.

"कोन दिव्यानी?" गुरुजींनी विचारलं. वर्गात दिव्यानी एकच होती.

पत्रू गुरनुलेची धाकटी. गप्प, दिसायला गोड, नेमाने येणारी. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि अक्षर छापल्यासारखं. पण तोंडी विचारलं की गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहायची, मग प्रणितकडे बघायची, मग खाली. सगळे मिळून पाढे म्हणताना तिचे ओठ हलायचे, एवढंच. पहिलीत चिंचोके दिले तर तिने त्यांचं फूल मांडलं होतं, पाकळ्या आणि देठासकट. गुरुजींनी रेघ ओढली: पोरगी गुणाची, डोक्याची नाही. याच डिसेंबरात पत्रूने विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं, "राहू दे." पत्रूने मान डोलावली आणि शेळीची दोन पिल्लं वाढवायला घेतली. एप्रिलमध्ये वसतिगृहाचे अर्ज भरायचे होते, आणि दिव्यानीचा अर्ज कोणी आणणार नव्हतं.

"हे मशीन बिघडलं," गुरुजी म्हणाले.

सोमवारी त्यांनी दिव्यानीला वर्गात उभं केलं. "सात नव्वे?" ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "सोळा न सतरा किती?" ती प्रणितकडे बघायला लागली. गुरुजींनी निशात मॅडमकडे असं बघितलं की आणखी काही म्हणायची गरज राहिली नाही. मग त्यांना वाटलं, प्रणित तिच्या टॅबवर उत्तरं देत असेल. दोघांना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं. शनिवारी दिव्यानी पुन्हा पहिली.

आता टॅबमध्ये शिक्षकासाठी एक बटण होतं. मशीनने लावलेला स्तर पटला नाही तर शिक्षकाने बदलायचा. गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा टॅबला बोट लावून बसले आणि दिव्यानीला चौथ्या स्तरावरून दुसऱ्यावर उतरवलं. पुढच्या शनिवारी मशीनने तिला पुन्हा चौथ्यावर नेलं. गुरुजींनी पुन्हा उतरवलं. फेब्रुवारी आणि मार्चभर हे चाललं. शनिवारी मशीन चढवायचं, सोमवारी गुरुजी उतरवायचे. दोघेही हट्टाला पेटलेले. दिव्यानीला यातलं काही माहीत नव्हतं. ती रोज वीस मिनिटं डोक्यावर हेडफोन चढवून बसायची आणि वेळ संपली की सगळ्यांत शेवटी काढायची.

"सर," निशात मॅडम एकदा म्हणाल्या, "एक बार तिच्याजवळ बसून त पाहा."

"सतरा वर्षं पोट्ट्यांजवळच बसून राह्यलो मी, मॅडम."

पण ते बसले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळची शाळा लागल्यावर. मोहफुलांचा हंगाम होता; अर्धी पोरं पहाटे वनात जाऊन आलेली, वर्गात पेंगत होती. दिव्यानी मात्र ताठ बसून टॅबवर बोट चालवत होती. गुरुजी तिच्या शेजारी चटईवर बसले. पडद्यावर गणित नव्हतं, नुसता रिकामा चौकोन होता. प्रश्न कानात यायचा आणि उत्तर बोलून सांगायचं किंवा लिहायचं. दिव्यानीने लिहिलं, छप्पन. मग लिहिलं, एकशे चार. मग थोडं थांबली, ओठ हलवले, लिहिलं, साडेबारा. हिरवी खूण, हिरवी खूण, हिरवी खूण.

आलं लक्षात, गुरुजींना वाटलं. मशीनच उत्तर सांगत असणार. त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि आपल्या कानाला लावला.

कानात कोणीतरी ओरडल्यासारखं झालं. त्यांनी झटक्यात तो दूर केला. त्यांचाच आवाज होता. "बाळांनो," म्हणत होता, इतक्या मोठ्याने की हातभर अंतरावरूनही शब्द कळत होते. आवाजाची पट्टी शेवटच्या टोकाला सरकवलेली होती.

"काऊन इतका मोठा ठेवला?" गुरुजींनी विचारलं.

दिव्यानी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तीच नजर. चार वर्षं ते या नजरेला मठ्ठ म्हणत आले होते. त्यांनी तिची पाटी ओढली आणि लिहिलं: आवाज एवढा मोठा का?

तिने वाचलं. "असाच आयकू येते," ती म्हणाली.

गुरुजींनी लिहिलं: आणि मी बोलतो ते?

दिव्यानीने जरा विचार केला. तिला ते नीट सांगायचं होतं. "हे गुर्जी तोंड उघडून बोलतेत," टॅबवर बोट ठेवून ती म्हणाली. "तुमी नुसते ओठ हालवता."

तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. विहिरीला पाणी कमी आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. वीस मिनिटांतली सहा उरली होती. हेडफोन चढवण्यापूर्वी तिने केस मागे सारले, तेव्हा गुरुजींना तिच्या दोन्ही कानांतला कापूस दिसला, तेलाने पिवळा पडलेला, लसणाचा वास येणारा. तो त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला असं नाही. रोज दिसायचा. मोहबोडीत बोडीत डुंबणाऱ्या निम्म्या पोरांचे कान फुटतात, वाहतात, आया त्यात लसणाचं कोमट तेल घालतात आणि कापूस कोंबतात. थंडीतही कापूस, वाऱ्यातही कापूस. जे सगळ्यांच्या कानात असतं ते कोण बघणार?

गुरुजींना लाज वाटली. फार वर्षांनी वाटली, त्यामुळे ती ओळखायलाही त्यांना थोडा वेळ लागला. दोन दिवस ती गेली नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी दिव्यानीला खाली उतरवलं नाही. निशात मॅडमनी ते पाहिलं, आणि न विचारता सिंदेवाहीहून वसतिगृहाचा कोरा अर्ज आणून टेबलावर ठेवला. सोबत चंद्रपूरला कानाचे डॉक्टर कुठल्या वारी तपासतात, ते चिठ्ठीवर लिहिलं होतं.

आता पत्रूला सांगायचं होतं. गुरुजींनी मनात वाक्य जुळवलं होतं. त्यात ते स्वतः कुठे नव्हते.

निरोप मिळाल्यावर पत्रू शनिवारी सकाळी आला. सोबत थोरली मुलगी पुनम होती, डोक्यावर मोहफुलांची टोपली. दोघं वनातून परस्परच आले होते. पुनम एकोणीस वर्षांची, कामाला वाघ, गावात सगळ्यांना आवडणारी. तिने टोपली ओट्यावर उतरवली आणि वर्गाच्या दाराशी उभी राहून आत टॅबवर बसलेल्या बहिणीकडे बघत राहिली. गुरुजींनी फाटकाबाहेर नेहमीप्रमाणे खर्रा गालात सारलेला होता. सवयीचा हात, त्याला दोन दिवसांची लाज पुरली नव्हती.

"पत्रू," ते म्हणाले, "मशीन म्हनते, दिव्यानीले पाठव."

"काय म्हनते?" पत्रूने कान पुढे केला. त्याचा कान चांगला होता, तरी पुढे करावा लागायचा.

"मशीन म्हनते, पाठव पोरीले पाचवीत."

पत्रू हसला. "मशीनले काय समजते, गुर्जी? ते काल आलं. तुमी काय म्हनता ते सांगा."

निशात मॅडम दाराआड थांबल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "मी बी म्हनतो, पाठव."

"पन तवा त तुमी राहू दे म्हनलं होतं," पत्रू म्हणाला. तो भांडत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. शेळीची पिल्लं आता मोठी झाली होती, ती दिव्यानीच्याच भरवशावर घेतली होती. "दोन गोष्टी कशा होतीन, गुर्जी? डोकं हाये का नाई तिले?"

"डोकं हाये. तिले आयकू येत नाई, पत्रू. धड येतच नाई. मले माहीत नव्हतं."

यावर पत्रूने जे केलं त्याची गुरुजींना अपेक्षा नव्हती. त्याला धक्का बसला नाही, त्याने डोकं धरलं नाही. तो नुसता "हो," म्हणाला. "नाईच येत. म्हनून त आमी तिले वनात एकटी नाई धाडत. हाक मारली त आयकत नाई ना. जनावर आलं न आमी वरडलो त तिले समजनार कसं? तिची माय तिले पुढं घालते न मागं चालते."

"तुमाले माहीत होतं?"

"वनात त पाहाच लागते, गुर्जी."

वाघाच्या रानात हे सगळ्या घराला माहीत होतं, रोज पाळलं जात होतं, पोरीचा जीव त्यावर राखला जात होता. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कशाला? शाळेत वाघ येत नाही. आणि शाळेने कधी विचारलं नव्हतं.

"मोठीचं बी तसंच हाये," पत्रू सहज म्हणाला, दारातल्या पुनमकडे मान करून. "तिचे त लहानपनापासून वाह्यतेत."

गुरुजींनी पुनमकडे बघितलं. ती वर्गात बघत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळलं नव्हतं.

तेरा वर्षांपूर्वी तिच्यापुढे चिंचोके ओतले होते. तिने ते दोन्ही मुठींत भरून घेतले आणि घट्ट धरून बसून राहिली, आता पुढे काय करायचं ते कोणी सांगेल म्हणून. गुरुजींना ते लख्ख आठवलं, कारण ती गोष्ट ते हसून सांगायचे. पुनमच्या मुठी. पोरगी कामाची आहे, डोक्याची नाही, हे वाक्य पहिल्यांदा तिच्यासाठीच बोललं गेलं होतं. चौथी झाली, "राहू दे," म्हणाले, आणि ती राहिली. पेटी भरली गेली नाही. रोवणीच्या चिखलात तिचा हात गावात सगळ्यांत भरभर चालतो, असं लोक सांगत. येत्या वैशाखात तिचं लग्न होतं, चिमूरकडच्या गावात.

गुरुजी उठले, वर्गात गेले, एक टॅब, एक हेडफोन आणि कपाटावरचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. पुनमला त्यांनी हाताने खूण केली, बस. ती ओट्यावर बसली. त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. पट्टी शेवटच्या टोकाला सरकवली. मग निशात मॅडमकडे टॅब दिला, कारण चिंचोक्यांचा प्रश्न कुठे असतो ते त्यांना सापडेना.

पुनम दचकली. दोन्ही हातांनी तिने हेडफोन दाबून धरला आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने आधी गुरुजींच्या तोंडाकडे बघितलं, ते बंद होतं. मग ती ऐकू लागली. तिने डब्यातून चिंचोके ओट्यावर ओतले. किती ते मोजले. चाळीसच्या वरचे परत डब्यात टाकले. आणि मग पाच-पाचचे ढीग लावत गेली, घाई नाही, चुकणं नाही, रोवणीत रोपं लावावी तसे एका ओळीत. आठ ढीग झाले.

"आठ," ती म्हणाली, गरजेपेक्षा मोठ्याने. मशीनने काहीतरी विचारलं असावं, कारण तिने थोडं थांबून पुन्हा सांगितलं, "सहा-सहाचे केले त सहा होतीन, न चार उरतीन." मग आणखी एक: "बारा पंचे साठ." मग ती हसली. मशीनने शाब्बास म्हटलं असणार.

पत्रू तिच्याकडे बघत उभा होता. त्याला ढीग कळले नाहीत, पण पोरीचा चेहरा कळला.

पाच-सात प्रश्न झाल्यावर पुनमने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी गुरुजींना परत दिला.

"हे मशीन तवा नव्हतं ना, गुर्जी?" तिने विचारलं.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. उलट तिने त्यांच्यासाठी वाट करून दिली होती. "नव्हतं," एवढं म्हटलं असतं तरी ती टोपली उचलून गेली असती, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मशीन तेव्हा नव्हतंच. गुरुजींना ती वाट दिसली, आणि तिच्यावर पाऊल टाकावंसंही वाटलं.

"मशीनची गरजच नव्हती, पोरी," ते म्हणाले. "मी तोंड उघडून बोललो असतो त तवाच झालं असतं. माहीच चूक झाली."

पुनम त्यांच्या ओठांकडे बघत होती. तिने भुवया उंचावल्या. "काय म्हनलं, गुर्जी?"

गालात खर्रा होता.

गुरुजी ओट्यावरून उतरले. अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेले, थुंकले, हापशी मारून चूळ भरली, पुन्हा भरली. तेवढ्या वेळात वनातून परतणाऱ्या चार-सहा बाया डोक्यावरच्या टोपल्यांसकट रस्त्यात थांबल्या, आणि गुरुजी शाळेच्या वेळात सहसा थुंकत नाहीत हे माहीत असल्याने वर्गातली पोरंही खिडकीशी आली. दिव्यानी सगळ्यांत पुढे. जे एकदा हळू बोलून भागलं असतं, ते आता गावासमोर बोलायचं होतं. गुरुजी परत येऊन पुनमच्या समोर उभे राहिले आणि पंधरा ऑगस्टच्या आवाजात बोलले.

"डोकं तुलेही होतं, पुनम. मीच चुकलो. तुह्या बाबतीत बी चुकलो न हिच्या बी. पत्रू, दिव्यानीले पाठव. हे मशीन नाई म्हनत, मी म्हनतो."

रस्त्यावरच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पत्रूने टोपीला हात लावला. निशात मॅडम आत जाऊन अर्ज घेऊन आल्या.

पुनमने ओट्यावरचे आठ ढीग एकेक करून डब्यात भरले, झाकण लावलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

"आता आलं आयकू," ती म्हणाली.